नानांच्या गिरणीवरचा पक्षी

आधीच माफी मागतो. माझी शाळा नववीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, शब्दही साधेच येतील. चारचौघांत मला बोलायला जमत नाही, लिहिताना निदान समोर कोणी बसलेलं नसतं.

जव्हारला नानांची पिठाची गिरणी आहे. तिथे कितीही झाडलं तरी तुळयांवर पीठ साचतंच. मुद्दाम कोणी टाकत नाही, ते आपलं बसत जातं. आमच्या मंडळींचे किस्सेही तसेच साचलेत. त्यातले थोडे झटकतो.

गिरणीच्या वर एक खोली आहे. रविवारी दुपारी गिरणी बंद असली की आम्ही चार जण तिथे जमतो आणि हेडफोन ऐकतो. लोकांना वाटतं आम्ही गाणी ऐकतो. खरं तर कुठला हेडफोन कुठल्या अ‍ॅम्प्लिफायरवर चांगला वाजतो, हे आम्ही लावून-काढून बघत असतो. तोच हेडफोन एका अ‍ॅम्पवर कोरडा वाटतो आणि दुसऱ्यावर भरून येतो. याला आम्ही जोडी जमवणं म्हणतो. काकू, म्हणजे नानांची बायको, आम्हाला वधू-वर सूचक मंडळ म्हणतात.

चौघं म्हणजे नाना, बसस्टँडजवळ दवाखाना असलेल्या डॉक्टर मॅडम, मोखाड्याचा सच्या आणि मी. सच्या लग्नात डीजे लावतो. माझं मोबाइल रिपेरिंगचं दुकान आहे.

आमच्यात शेवटचा शब्द नानांच्या कानाचा. हे सगळे किस्से त्या कानाचेच आहेत.

*

नानांना हा नाद कसा लागला, ते मी एकदा धीर करून विचारलं.

ते म्हणाले, "रघू, सबंध आयुष्य गिरणीच्या घरघरीत गेलं. गिऱ्हाईक ओरडून सांगायचं, जाडं दळा, बारीक दळा. मी पण ओरडून बोलायचो. घरी गेलो तरी ओरडूनच. ही म्हणायची, भांडताय का? मुलाने गिरणी हातात घेतली तेव्हा ठरवलं, आता बारीक आवाज ऐकायचे."

आतून काकू म्हणाल्या, "भांडतच होते!"

*

सच्याने एकदा कुठूनसा जुना ट्यूब अ‍ॅम्प आणला. काचेचे दिवे पेटले, खोलीत उजेड पडला, आणि हेडफोनमध्ये नुसती घूं ऽऽ अशी घरघर!

सच्याने वायरी बदलल्या. मी आतलं सगळं सोल्डरिंग तपासलं. मॅडमनी ट्यूब काढून पुसल्या. घरघर जाईना.

नानांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "ही अ‍ॅम्पची नाही. गिरणीच्या विजेचं अर्थिंग सुकलंय."

मे महिना होता. सच्या खाली धावला आणि मागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून आला. घरघर गायब! आम्ही टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात काकू दारात उभ्या. टँकर दोन दिवसांनी आला होता आणि ती बादली त्यांनी भांड्यांसाठी भरून ठेवली होती.

"माणसं घोटभर पाण्याला मोताद झालीत, आणि तुम्ही खड्ड्याला पाजताय!"

सच्याने त्या दिवशी सगळी भांडी घासली. एका बादलीची भांडी त्याने अर्ध्या बादलीत घासून दाखवली, तेव्हा कुठे चहा मिळाला.

*

पुण्याहून एकदा एक पाहुणे आले होते. मॅडमच्या ओळखीचे. त्यांनी आणलेला हेडफोन आम्ही फक्त मोबाइलवर पाहिला होता. पेटीतून काढताना त्यांनी हात धुतले. ते बघून आम्ही पण धुतले.

आमची पद्धत अशी. दोन अ‍ॅम्प चादरीआड ठेवायचे, ऐकणाऱ्याने डोळे मिटायचे आणि मी मागून जोड बदलायचा. एक अ‍ॅम्प पाहुण्यांचा होता, दुसरा माझ्या दुकानातला छोटा, खिशात मावणारा.

पाहुणे ऐकून म्हणाले, "दुसऱ्यात खोली जास्त आहे." पुन्हा लावलं तर म्हणाले, "नाही, पहिल्यात." त्यांच्या कपाळावर घाम आला. मलाच वाईट वाटायला लागलं.

मग नाना बसले. बराच वेळ ऐकलं. हेडफोन काढून म्हणाले, "मला दोन्हीत काही फरक कळत नाही."

पाहुण्यांनी मोठा श्वास सोडला. "मलाही नाही हो! पण एवढं सामान घेतल्यावर सांगणार कोणाला?"

नाना म्हणाले, "इथे सांगायचं. इथे दार लावलेलं असतं."

ते पाहुणे जाताना काकूंच्या पाया पडून गेले.

*

आता पक्ष्याचं सांगतो.

दोन वर्षांपूर्वी नाना आणि मी रेकॉर्डर घेऊन सूर्यमाळला गेलो. नानांचं म्हणणं, गाणी सगळ्यांच्याच ओळखीची असतात, जोडी तपासायला आपलं स्वतःचं काहीतरी हवं. एका पाड्याच्या विहिरीजवळ पहाटे बसलो. एक बाई तळातलं पाणी वाटीने खरवडून हंड्यात भरत होती.

तेवढ्यात बांबूच्या बेटातून भारद्वाज घुमायला लागला. हूप, हूप, हूप. मी रेकॉर्डर चालू करणार होतो, तर नानांनी हात धरला.

"त्याला काय हेडफोन लागतो? तो सच्याच्या फाटक्या स्पीकरमधूनही ऐकू येईल. थांब."

भारद्वाज गेल्यावर आम्ही रेकॉर्ड केलं. त्यात असं आहे : पाणी ओतल्याचा आवाज, मग हंडा दगडावर ठेवल्याचा ठण्ण आवाज, मग थोडी शांतता, आणि त्या शांततेत लांबवर एका पक्ष्याची शीळ. सुईने कागदाला भोक पाडावं इतकी बारीक. नाव आम्हाला माहीत नाही. ती बाई म्हणाली, "ते व्हय? ते तं रोजच बोलतं."

तेव्हापासून आमचा नियम झाला. अ‍ॅम्पला चार हेडफोनचे जोड लावायचे, चौघांनी डोळे मिटून ते रेकॉर्डिंग ऐकायचं आणि पक्षी बोलला की बोट वर करायचं. बोलायचं नाही. जोडी चांगली असेल तर चारही बोटं वर येतात. नानांचं नेहमी पहिलं.

खालच्या मशीनसोबत मिरची कांडायचं मशीन टाकावं, असं नानांच्या मुलाचं चाललं होतं. त्याला वरची खोली हवी होती. नाना त्याला आमच्यासमोर म्हणाले, "ज्या दिवशी मला तो पक्षी ऐकू येणार नाही, त्या दिवशी खोली तुझी. त्याआधी मागायची नाही."

मुलगा हसून खाली गेला. नाना बोललेलं मागे घेत नाहीत, हे त्यालाही माहीत होतं.

*

गेल्या दिवाळीनंतर नानांच्या आवडीत फरक पडला.

सच्याने एक नवा हेडफोन आणला. त्याचा आवाज इतका धारदार की झांज वाजली तर डोळे मिटायचे. नानांनी लावला आणि चेहरा उजळला. "आता कुठे कानावरचं जाळं निघालं! याच्यापुढे बाकी सगळे गोधडी पांघरून बोलतात."

मॅडमनी लावला. दात शिवशिवावेत तसा त्यांचा हात आपोआप गालावर गेला.

"कसा आहे?" नानांनी विचारलं.

"स्वच्छ आहे," मॅडम म्हणाल्या.

पुढे प्रत्येक रविवारी जोडी आणखी धारदार होत गेली. सच्या आपल्या कौतुकात खूश होता. मी काही बोललो नाही, मला बोलता येतच नाही. मॅडम घरी जाऊन डोकं दाबून घ्यायच्या, हे मला त्यांच्या कंपाउंडरने सांगितलं.

एकदा जिना उतरताना मॅडमनी मला थांबवलं. "रघू, नानांना बारीक आवाज ऐकू येत नाहीयेत. वयाबरोबर आधी बारीक जातो. जाड शेवटपर्यंत राहतो."

"पण मॅडम, बोट तर बरोबर वर येतं त्यांचं! पक्ष्याच्या अगदी वेळेवर!"

मॅडम म्हणाल्या, "मी डॉक्टर आहे. मीच सांगायला हवं. दर रविवारी ठरवून येते."

मग आम्ही दोघं तसेच पायरीवर उभे राहिलो. वरून नानांची हाक आली, "चहा गार होतोय!" ती मात्र सबंध पेठेला ऐकू गेली असेल.

*

आता शेवटचा.

मागच्या रविवारची गोष्ट. सच्या नेहमीपेक्षा लवकर आला होता आणि गालात हसत होता. चौघांनी हेडफोन लावले. नाना खिडकीजवळच्या खुर्चीत, मी त्यांच्या समोर.

"डोळे," नाना म्हणाले. आम्ही डोळे मिटले.

पाणी ओतल्याचा आवाज आला. हंडा ठण्णकन वाजला. मग शांतता. मी वाट बघत राहिलो. शांतता लांबली. मला वाटलं माझाच जोड सुटला, म्हणून मी डोळे उघडले.

सच्याचेही डोळे उघडे होते आणि तो तोंडावर हात धरून हसू दाबत होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्याच्या कॉम्प्युटरवर त्याने रेकॉर्डिंगमधला पक्षी पुसून टाकला होता. कोण फसतं ते बघायला. मॅडम मला जिन्यावर काय म्हणाल्या होत्या, ते त्याला माहीत नव्हतं.

नानांचं बोट वर होतं.

डोळे मिटलेले, मान थोडी तिरकी, आणि बोट वर. नेहमीच्या जागेवर. चेहऱ्यावर तेच बारीक हसू.

सच्याने नानांकडे बघितलं आणि त्याचा हात तोंडावरून खाली आला. त्याचा चेहरा असा मी कधीच बघितला नव्हता. लग्नात जनरेटर बंद पडला तरी तो असा होत नाही.

खाली नानांचा मुलगा कोणाला तरी मशीनचं माप सांगत होता. जिन्यातून ऐकू येत होतं.

मॅडमनी डोळे उघडले. तिघांकडे बघितलं. मग परत डोळे मिटले आणि बोट वर केलं.

मी केलं.

सच्याने सगळ्यांत शेवटी केलं.

नानांनी डोळे उघडले. आमची तीन बोटं बघितली. एकेकाकडे बघत राहिले, दळण बोटांत चोळून बघावं तसं.

"आज सगळ्यांना ऐकू आला," ते म्हणाले.

"हो नाना," सच्या म्हणाला.

"छान होता," मॅडम म्हणाल्या.

नानांनी हेडफोन काढला. त्याची वायर सावकाश गुंडाळली, पेटीत ठेवली, पेटी बंद केली आणि तिच्यावर बसलेलं पीठ हाताने पुसलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सच्या, ते भांडी घासलेलं आठवतं का रे? तेव्हाही शेवटी चहा मिळालाच होता."

सच्या मान खाली घालून रडायला लागला.

काकू चहा घेऊन आल्या. त्यांनी विचारलं, "झालं काय?" नानांनी बशीत चहा ओतला आणि म्हणाले, "मंडळाची मीटिंग संपली, आणखी काय?"

खोलीचं ते काहीच बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाचं शटर उघडलं नाही. अंधारातच रेकॉर्डर पिशवीत घातला आणि बाइक सूर्यमाळला घेतली. विहिरीवर तीच बाई होती. तिने मला ओळखलं.

"आज एकलाच? म्हातारा कुठं तुझा?"

"घरी आहेत. मावशी, तो बांबूतला भारद्वाज अजून येतो का?"

"येतो ना. बस गप."

मी दगडावर बसलो. तिने हंडा भरला, डोक्यावर घेतला आणि गेली. बराच वेळ काहीच नव्हतं. मग बेटाच्या आतून तो घुमायला लागला. हूप, हूप, हूप. जाड, खोल, रिकाम्या रांजणात तोंड घालून कोणी बोलावं तसा.

मी लाल बटण दाबलं. तिथे माझ्याशिवाय कोणी नव्हतं, तरी डोळे मिटले आणि बोट वर केलं.