थरथरत्या हातात पेटीचा भाता

आधी माझं अक्षर बारीक झालं. फळ्यावर ओळ सुरू करताना नीट असायची, शेवटच्या शब्दापर्यंत मुंगीएवढी व्हायची. मागच्या बाकावरची पोरं ओरडायची, "बाई, दिसत नाही." नोकरीचं शेवटचं वर्ष होतं, मला वाटलं थकले असेन. निवृत्तीनंतर मात्र उजवा हात मांडीवर ठेवला तरी आपोआप हलायला लागला. अकोल्याच्या डॉक्टरांनी मला खोलीत चालायला लावलं, अंगठ्यावर बोट टेकवायला लावलं आणि कंपवात असल्याचं सांगितलं. पूर्ण बरा होत नाही, गोळ्यांवर सांभाळायचा. परतीच्या एसटीत नवरा खिडकीबाहेर बघत बसला. मी माझ्या हाताकडे.

आमचं घर वाशीमला लागून, मळ्यातच आहे. नवरा आणि मोठे दीर मिळून वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावतात आणि पहाटे बाजारात नेतात. दिरांचं घर शेजारीच. त्यांची बायको, म्हणजे माझी जाऊ, महिलांच्या भजनी मंडळात पेटी वाजवते. इतकी वर्षं शेजारी राहून आमचं बोलणं दूध, पाणी आणि पाहुणे यांपलीकडे फारसं गेलं नव्हतं. मी शाळेत, ती मळ्यात.

वाशीमला व्यायाम शिकवणाऱ्या मुलीकडे मी जात होते. ती एकदा म्हणाली, "काकू, चेंडू दाबायचा तुम्हाला कंटाळा येतो. एखादं वाद्य शिका. बोटं चालतील आणि मनही लागेल." मला गाण्याबजावण्याची आवड नव्हती, तसं मी तिला सांगितलंही. पण नवऱ्याने ती गोष्ट घरी येऊन जावेच्या कानावर घातली.

"मी शिकवतो तिले," जाऊ म्हणाली. "तशीबी दिवसभर बसूनच राह्यते."

मंडळाची पेटी देवळातून हलवता येत नव्हती. नवऱ्याने कारंज्याहून एक वापरलेली पेटी आणली. गर्दीच्या एसटीत ती मांडीवर घेऊन आला होता. उतरल्यावर बराच वेळ त्याला पाय सरळ करता येईना.

जाऊ चांगली मास्तरीण नव्हती. तिला धीर नव्हता. मी सा वाजवून रे कडे जायची, पण सा वरचं बोट उठायचंच नाही. दोन्ही सूर एकात एक अडकून भेसूर आवाज निघायचा. ती माझ्या बोटावर चापट मारायची. "उचल ना वं! काय गोंद लागला का बोटाले?"

"बाई, मी उचलते आहे. तेच उठत नाही."

ती माझ्या हाताकडे बघत राहिली. मग तिने भाता उजव्या बाजूने उघडला. "डाव्या हातानं वाजव. उजव्यानं भाता मार."

भात्यावर उजवा हात ठेवला तर हाताची सगळी थरथर सुरात उतरली. आवाज एकसारखा कापत होता. मला ते ऐकवेना. माझा आजार असा सगळ्यांना ऐकू जावा याची इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं.

"काहून रडून राह्यली?" जाऊ म्हणाली. "वाजला ना सा. थरथरला तं थरथरला."

गोळी घेतल्यावर थोड्या वेळाने अंग मोकळं होतं, तेवढाच आमचा वर्ग. एखाद्या दुपारी गोळी लागू पडायचीच नाही. मग जाऊ मेथीच्या जुड्या बांधत बसायची, मी नुसती पेटीवर हात ठेवून. कधी ती सांगायची की तिचेही गुडघे रात्रभर ठणकतात. सांगून परत जुड्या बांधायची. एवढ्या वर्षांत हे मला माहीत नव्हतं.

हळूहळू एक भजन बसलं. चालही संथ होती. अक्षर काही मोठं झालं नाही, पण एका सकाळी मी ब्लाऊजची हुकं स्वतः लावली. नवऱ्याला इतका आनंद झाला की तेव्हापासून तो मळ्यातून आल्यावर पहिलं विचारू लागला, "गोळी घेतली? पेटी वाजवली?" दोन्ही एकाच दमात. त्याची काळजी मला कळत होती. तरी त्या प्रश्नाने मी दमून जायची. चालणं व्यायामासाठी, गिळणं सावकाश, आणि आता सूरही औषध म्हणून.

देवळातल्या भजनाला जावेने मला पेटीवर बसवलं. मी घरून गोळी घेऊनच निघाले होते, पण आधी आरती लांबली, मग कुणाचं तरी मनोगत. भजन सुरू झालं तेव्हा गोळीचा असर ओसरत आला होता. दुसऱ्या कडव्यात डावा हातही जड झाला. बोटं पट्ट्यांवर तशीच थांबली. बायका गात होत्या, टाळ चालू होते, आणि मला मान वळवून कुणाला सांगताही येईना.

जाऊ शेजारी होती. तिने माझी बोटं पट्ट्यांवरून उचलून माझ्या मांडीवर ठेवली आणि स्वतः वाजवायला लागली. माझ्या कानाशी म्हणाली, "तू भाता मार. तो थांबू देऊ नको." तेवढा हात हलत होता. हलणं त्याला थांबवताच येत नाही. भजन संपलं. कुणीतरी म्हणालं, छान झालं. मला घरी जाऊन झोपायचं होतं, बस.

त्यानंतर बरेच दिवस मी पेटी उघडली नाही. नवऱ्याने विचारलं तेव्हा मी पहिल्यांदाच सरळ सांगितलं, "आज नाही. उद्याचंही विचारू नका." तो हातपाय धुऊन माझ्याजवळ बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "मीही थकलो गं." दोघंही तसेच बसून राहिलो. बरं वाटलं.

दुपारी जाऊ आली. मी म्हटलं, "बाई, मला नाही वाजवायचं."

"नको वाजवू. मी वाजवतो, तू आयक."

आता बहुतेक असंच चालतं. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्यात. चालताना पाय दारातच खिळतो, आवाज इतका खाली गेलाय की नवऱ्याला कान जवळ आणावा लागतो. अंग हलकं असेल त्या दिवशी मी थोडं वाजवते, बाकीचे दिवस खाटेवर पडून ऐकते. जाऊ एखादी जागा चुकते, मग स्वतःवरच चिडते आणि परत पहिल्यापासून सुरू करते. ऐकता ऐकता मला झोप लागते. जाताना ती माझ्या अंगावर चादर टाकून दार नुसतं लोटून घेते.