मास्तरांनी चाखलेलं पाणी

दवाखान्यात आज स्पिरिटचा दिवा पेटला आणि त्या वासासरशी मी लोणावळ्याच्या शाळेतल्या प्रयोगाच्या खोलीत जाऊन पोहोचलो. मॅट्रिकच्या आधीची चाचणी होती. मिठाचं पाणी उकळायचं आणि वाफ थंड करून शुद्ध पाणी गोळा करायचं. मास्तर प्रत्येकाच्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावत आणि निकाल सांगत.

कोंडिबापाशी ते थांबले. भाजे गावच्या या अस्पृश्य पोराला शाळेच्या माठाला शिवायची बंदी होती.

"तुझं बरोबरच असेल. पास," मास्तर म्हणाले.

"चाखून सांगा की, मास्तर. न चाखता पास नगं मला."

"मास्तर, विटाळ झाला तर अंघोळीचं पाणी तापवू का?" मागून कुणीतरी खिदळलं.

माझ्या मुठी वळल्या. मास्तरांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"खारट आहे! आच मोठी ठेवलीस, मिठाचं पाणी उसळून वाफेच्या नळीत गेलं. नापास. पुन्हा कर."

मला मास्तरांचा संताप आला. इतक्या हिमतीच्या पोराला नापास करायचं? कोंडिबा मात्र हसत हसत पुन्हा प्रयोग मांडू लागला. शिवाशिवीला भिऊन दिलेला पास हाही बहिष्कारच असतो, हे त्याला माझ्या कितीतरी आधी कळलं होतं.