मिटणारा चाकू

संग्रहालयात काचेआड रोमन काळातला एक मिटणारा चाकू ठेवला होता. पातं, चमचा, काटा, दात कोरायची काडी, सगळं एकाच मुठीत दुमडलेलं. शेजारची बाई नवऱ्याला म्हणाली, "अहो, काय हुशार माणसं हो!" माझ्या मात्र तो पाहताक्षणी डोक्यात गेला.

असला चाकू बाळगणारा माणूस मला चांगला ठाऊक आहे. तो कुणाच्याही घरी जेवेल, पण साधा चमचा मागणार नाही. आमचे काका तसेच होते. आई पेरूच्या फोडी करून पुढे ठेवायची. काका त्या बाजूला सारून खिशातला चाकू काढायचे आणि दुसरा पेरू स्वतः कापायचे. वर ऐकवायचे, "तुमची विळी बोथट असते, वहिनी." आई हसायची आणि आत जाऊन विळीला धार लावत बसायची. अशा माणसाला पाहुणा म्हणूच नये. त्या रोमन माणसापुढूनही एखादी बाई न वापरलेला चमचा उचलून आत गेली असेल. तो चमचा काही कुणी काचेत ठेवला नाही.

बाहेर पडताना मी दारावर जमा केलेला माझा चाकू मागितला. पहारेकऱ्याने तो माझ्या हातात न देता टेबलावर ठेवला. "हातात देऊ नये, साहेब. भांडणं होतात."

मी तो उचलला. पात्याच्या खाचेत सफरचंदाचा गर वाळला होता. सकाळी बायकोने फोडी करून पुढे ठेवल्या होत्या, तरी मी दुसरं सफरचंद घेतलं होतं.

ती हसली होती.