चष्म्यातून पाय बघितलेली मावशी

“म्या सोता आत जाऊन बगितलंय!” दोन्ही हातांचे पंजे डोळ्यांपुढं चष्म्यासारखे धरून मावशी हे वाक्य टाकायची, की समोरच्याची बोलती बंद. तुम्ही तिला बघितलं असतंत तर हसला असतात.

मी बाजारकुणंगच्या पुढं एका आरोग्य उपकेंद्रात नर्स. मावशी आमची जुनी शुगरची पेशंट, पाय बधिर झालेले. मऊ तळव्याच्या चपला दिल्या, तर तिनं त्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या. “पाय दुकत न्हाई, मग चप्पल कशाला?” म्हणायची.

मग आमच्याकडं तो व्हीआरचा चष्मा आला. डोळ्यांवर चढवला की आपण थेट शरीराच्या आत उभे आहोत असं वाटतं. मी तिला बधिर पायातून फिरवून आणलं. मेलेल्या नसा, रुतलेला काटा, न कळता सडत गेलेलं मांस. तिनं माझा हात इतका आवळला की बांगडी पिचली. “काटा शिरला तरी पाय बोंबलतच न्हाई की वो, बाई!”

त्या दिवसापासून चपला पायात. चुलीपुढंसुद्धा. सून कुरकुरली, तर तिलाही ‘आत बघितलेलं’ ऐकवलं. आमच्या दारावर ‘चपला बाहेर काढा’ अशी पाटी होती, ती तिनं मला काढायला लावली.

भाताच्या लावणीनंतर काही दिवसांनी तिला उचलून आणलं. पाय काळा पडलेला, वास सुटलेला. मी ओरडलेच, “चपला कुठं होत्या मावशी?”

“बांधावर.”

“बांधावर? का?”

मीच खुळी असल्यासारखी ती माझ्याकडं बघत राहिली. “भातात चपला घालून कोन उतरतं व्हय? काळी आई हाय ती.”

“अगं, पण तू आत बघितलं होतंस ना?”

“बगितलं की. म्हनून तर बांधापातुर घातल्या.”

मला तिचा भयंकर राग आला, आणि तितकंच रडूही आलं. मोठ्या दवाखान्यात पाय कापला, पण विष अंगभर पसरलं होतं. मावशी परत आली नाही.

सुगीत मी तिच्या घरच्यांना भेटायला गेले. सून अनवाणी भात कापत होती. शेतातही चपला घालण्यावरून तिला चार शब्द सुनावायचे, हे वाटेतच ठरवलं होतं.

“या की वो बाई, हिकडं!” तिनं शेतातून हाक मारली.

मी उतरले. कापलेल्या भाताचं पहिलं धसकट तळव्याला टोचलं, तेव्हा ध्यानात आलं. माझ्या चपला मागं बांधावर होत्या.