दाणा ठेवून वाचायचं

शाब्दिक उदाहरण दिसलं की माझी मुलगी आकड्यांवर तुटून पडायची. ‘एकूण’ दिसलं की बेरीज, ‘उरले’ दिसलं की वजाबाकी. मधल्या मजकुराशी तिला काही देणंघेणं नसायचं. पाचवीत होती, शिष्यवृत्तीच्या जादा तासाला बसायची. ज्यांना पुढच्या चाचणीत ही उदाहरणं जमणार नाहीत त्यांना तासातून कमी करू, म्हणजे बाकीच्यांना पुढे जाता येईल, असं सरांनी सांगून टाकलं होतं.

रविवारी आम्ही दोघी गच्चीवर ऊन खात बसलो होतो. माहेरून, सावनेरहून आलेल्या शेंगा मी फोडत होते. ती पुस्तक मिटून म्हणाली, “आई, सरले सांगून दे, मले कमीच करा म्हणा. मले नाही जमून राहिलं.”

माझा पारा चढला. माझ्या पोरीनं चाचणीआधीच हात टेकायचे, हे मला सहन होईना. “काहून नाही जमत वं? मैत्रिणीचं भांडण सांगायले बसली तर चहा थंडा होते माझा.” असं म्हणत मी पुस्तक ओढलं आणि उदाहरणातल्या प्रत्येक आकड्यावर एकेक शेंगदाणा ठेवला. “आता वाच.”

आकडे झाकलेले, त्यामुळे बिचारीचा नाइलाज झाला. एका बाईनं संत्री आणली, काही शेजारणीला दिली, उरलेली मुलांना सारखी वाटली.

“काय होऊन राहिलं, सांग मले.”

ती सांगू लागली, आणि सांगता सांगता रंगली. ती शेजारीण आमच्याच शेजारची झाली. “तिले काहून दिली वं? ते तर आपल्याले कधी काही देत नाही.”

“राहू दे. विचारलं काय?”

“एकेका पोराले किती भेटली.”

“आणली त्याच्याहून जास्त की कमी?”

“कमीच ना वं.”

“मंग खा दाणे आणि कर गणित.”

उत्तर बरोबर आलं. तेव्हापासून आमच्या घरी हाच नियम झाला: गोष्ट सांगितल्याशिवाय दाणा उचलायचा नाही. ही युक्ती माझी स्वतःची आहे, हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवते, आणि कुणी कंटाळलं तरी ऐकवते.

चाचणीला दाणे नेता येणार नव्हते. ती आकड्यांवर बोटं ठेवून वाचत होती, असं मला नंतर सरांनीच शाळेच्या फाटकाशी थांबवून सांगितलं. सहलीचं उदाहरण होतं. शंभर मुलं रामटेकला जाणार, एका गाडीत तीस बसतात, तर किती गाड्या लागतील? जवळजवळ सगळ्या वर्गानं भागाकार करून तीन लिहिलं होतं, बाकी दहा. माझ्या मुलीनं चार लिहिलं होतं. सरांनी तिला उभं करून विचारलं, भागाकार तर तीनच येतो, मग चार कसे?

“मी म्हटलं, वेंधळेपणानं चुकली असेल,” सर म्हणाले. “तर ती मलाच विचारते, ‘सर, मंग उरलेल्या पोरांले इथंच सोडून जाचं का?’”

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग सर म्हणाले, “जादा तासातून मी कोणालाच कमी करणार नाही, ताई.”