पदराची गाठ

शेवटच्या भेटीत लीलावहिनी त्यांच्या अंगणात बसून पदराची गाठ बोटांत फिरवत होत्या. "मास्तरीन, ही कशाला मारलेली गो? तुज्याशीच कायतरी होतं... मना आठवत नाय." एवढं बोलून स्वतःच हसल्या. लक्षात ठेवायचं काही असलं की पदराला गाठ मारायची, ही त्यांची सवय जन्माची. मी म्हटलं, "राहू द्या, आठवलं की फोन करा." पाचव्या दिवशी सकाळी फोन आला, पण तो त्यांच्या सुनेचा. वहिनी झोपेतच गेल्या होत्या. वय झालं होतं, हाल झाले नाहीत, सगळं खरं... तरी महिना उलटला आणि अजून फोन वाजला की मला वाटतं, वहिनींना आठवलं असेल.

लीलावहिनी म्हणजे माझी थोरली जाऊ. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी लग्न होऊन बोळिंजच्या घरात आले तेव्हा तिथे आजच्यासारख्या इमारती नव्हत्या. केळीची वाडी, त्याला लागून मोगरा, आणि त्या सगळ्यावर वहिनींचं राज्य. मी माणिकपूरच्या शाळेत शिकवायला जायची, म्हणून त्यांनी पहिल्याच आठवड्यात माझं नाव 'मास्तरीन' करून टाकलं. घरात मला नावाने हाक मारणारं कुणी उरलंच नाही. त्यांचे हात इतके भराभर चालत की मी चार कळ्या खुडेपर्यंत त्यांची टोपली भरलेली असे. वर माझ्या टोपलीत डोकावून, "वर्गाला एकेक वाटायच्यात वाटतं?" असं विचारायच्या.

मग पाच-सहा वर्षांनी त्यांना 'ते' व्हायला लागलं. वाकून कळ्या खुडताना एकदम छातीत धडधड, कपाळ फुटेल असं डोकं दुखायचं, अंगाला दरदरून घाम, चेहरा पांढराफटक. पंधरा-वीस मिनिटं कुंपणाची मेढ धरून बसायच्या आणि उठून पुन्हा कामाला लागायच्या. डॉक्टरकडे न्यावं तर तिथे पोहोचेपर्यंत सगळं ठीक. सासूबाईंनी दृष्ट काढून पाहिली, मोठ्या दिरांनी गंडे आणले. मी शिकलेली, त्यामुळे माझं निदान वेगळं. एकदा परीक्षेचे दिवस होते, वहिनी अशाच बसल्या आणि चूल माझ्या गळ्यात पडली. मी सासूबाईंना म्हणाले, "सुरू झाली वहिनींची नाटकं." वहिनी दाराआडच होत्या. त्यांनी ऐकलं हे मला कळलं आणि मला कळलंय हे त्यांनाही. त्यावर त्या कधी काही बोलल्या नाहीत. मीही माफी मागितली नाही. याची लाज मला आजही वाटते.

ऐंशीचं दशक अर्धं सरलं असेल. माणिकपूरच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यातच वहिनींना एकदा 'ते' झालं. रक्तदाबाचा पारा इतका वर गेला की डॉक्टरांनी दोनदा यंत्र तपासलं. मग दिवसभराची लघवी डब्यात साठवून तपासणीला द्यायची, सोनोग्राफी, असं सगळं झालं. उजव्या मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक छोटी ग्रंथी असते, तिथे गाठ सापडली. ती गाठ मधूनच रक्तात कसला तरी रस सोडते, त्याने हे झटके येत असावेत, असा अंदाज. पण हीच गाठ गुन्हेगार का, आणि शरीरात आणखी कुठे तिची भावंडं आहेत का, हे सोनोग्राफी सांगू शकत नव्हती. त्यासाठी मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात किरणोत्सारी औषधाचं इंजेक्शन देऊन फोटो काढायचे होते. औषध रक्तातून जाऊन अशाच गाठींमध्ये साठतं आणि बाहेरचा कॅमेरा ते टिपतो. एकच जागा दिसली तर ऑपरेशन करून माणूस मोकळा. दुसरीकडेही दिसली तर पसरलंय असं समजायचं आणि सुरी बाजूला ठेवायची. हे तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी मला सरळ सांगितलं. मी ते कुणालाच सांगितलं नाही.

गळ्यातल्या ग्रंथीला औषध लागू नये म्हणून काही दिवस आधीपासून आयोडीनचे थेंब पाण्यातून घ्यायचे होते. ते मीच रोज द्यायची. वहिनी तोंड वेडंवाकडं करून म्हणायच्या, "मास्तरीन, खडूचं पानी पाजतेस काय गो?" इंजेक्शन झालं. दुसऱ्या दिवशी फोटो. हॉस्पिटलचा झगा त्यांच्यापुढे धरला तर त्यांनी तो चिमटीत उचलून परत दिला. "मागून उघडा हाय हा. मी लुगड्यातच झोपते." कर्मचारी बाई हुज्जत घालून थकल्या. शेवटी लघवीला जाऊन या, असं सांगून त्यांनी वहिनींना लुगड्यासकट मशीनखाली घेतलं. मोठे दीर खाली देवाचं नाव घेत बसले होते. तासाभराने डॉक्टरांनी मला आत बोलावलं आणि फिल्म उजेडावर धरली. उजवीकडे एक ठळक ठिपका. आणि डावीकडे, कमरेच्या वर, दुसरा.

"यांना तिथे हाडात दुखतं का?" डॉक्टरांनी हळूच विचारलं. मी मानेनेच नाही म्हटलं. दारातून वहिनी आल्या, वाडीतून याव्यात तशाच, पदर डाव्या कमरेला घट्ट खोचलेला आणि त्याच्या टोकाला ही एवढी गाठ. मी गाठीकडे पाहिलं, फिल्मकडे पाहिलं... "डॉक्टर, तो दुसरा ठिपका इथे तर नाही?" ते चटकन उठले. औषध लघवीवाटे बाहेर पडतं, थेंबभर लागलं तरी कॅमेऱ्याला दिसतं. आणि वहिनी मोरीतून आल्या की हात पदरालाच पुसणार, हे तर मी पंधरा वर्षं पाहत होते. आता मी डोळे वटारले आणि वहिनींनी निमूट झगा घातला. हात-कंबर धुऊन पुन्हा फोटो. उजवीकडे एकच ठिपका. मग डॉक्टरांनी नुसतं लुगडं मशीनखाली ठेवलं. तर ही गाठ तिथे एकटी चमकते आहे! कर्मचारी बाई हसून हसून खुर्चीत बसल्या आणि मी मात्र रडत होते.

डॉक्टरांनी विचारलं, "बाई, एवढी गाठ मारलीत तरी कशासाठी?" वहिनींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "तुमाला एक सांगायचं होतं, विसरू नये म्हनून. आमच्या घरी सांगा... म्हनावं, ही नाटकं करत नाय."

डॉक्टरांनी फिल्म त्यांच्या हातात दिली, "ही दाखवा घरी." वहिनी त्या ठिपक्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मोगऱ्याची कळी दिसते." बाहेरच्या बाकावर मी त्यांचे पाय धरले, माफी मागितली. त्यांनी माझ्या पाठीत धपाटा घातला. "पेपर तपासायला लई वर्सं लावलीस गो. पन मार्क पुरे दिलेस ना? मग झालं."

ऑपरेशन नीट झालं. नंतर महिनाभर त्या समुद्रकाठच्या कळंबला बहिणीकडे राहिल्या, ताजी मासळी खाल्ली, अंगाने भरल्या, आणि परतल्या त्या थेट मोगऱ्यात. त्यानंतरचं लांबलचक आयुष्य त्यांनी 'ते' न होता काढलं. फिल्म मात्र कपाटात लुगड्यांखाली जपून ठेवली होती. आमचं काही वाजलं की ती काढून माझ्यापुढे नाचवायच्या. मी तेवढ्यावर हरायची आणि तसं हरायला मला आवडायचं.

तेराव्याला सुनेने माझ्या हातात त्यांचं शेवटच्या दिवसांतलं लुगडं ठेवलं, न धुतलेलं, पदराची गाठ तशीच, आणि सोबत एक केळफूल. "काकू, त्या गाठीचं मला माहीत होतं. तुमच्यासाठी केळफूल काढून ठेवलं होतं, ते द्यायचं विसरायला नको म्हणून मारली होती. तुम्ही गेल्यावर आठवलं त्यांना, पुढच्या भेटीत देईन म्हणाल्या. ते तर सुकून गेलं, हे नवं आहे."

केळफुलाची भाजी मी त्याच संध्याकाळी केली. गाठ अजून सोडलेली नाही.