न प्यालेली आंबील

चोरी कुणाच्याही घरी होवो, झडती आमची व्हायची. हे मला शाळेत नाव घालायच्या आधीपासून माहीत आहे.

दिवाळी झाली की आबा आणि आई मेंढरं घेऊन परंड्याकडचं आमचं गाव सोडायची. घोड्याच्या पाठीवर सगळा संसार. भांडी, वाकळा, कोंबड्यांची डालगी. आज या शिवारात, चार दिवसांनी पुढच्या. शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घ्यायचे आणि त्याबदली धान्य द्यायचे. पण गावात एखादं करडू जरी हरवलं तरी शिपाई येऊन आमच्या वाकळा झटकायचा. नव्या शिवारात उतरलं की आई पेटीचं कुलूप आपणच काढून ठेवायची. "त्यांनी मोडलं तर नवं कोण आणून देणार?" म्हणायची.

मी वसतिगृहात राहून शिकले. सुट्टीत मेंढरांमागं चालले, शेण भरलं, लोकर कातरली आणि धाराशिवच्या कॉलेजातनं बी.ए. झाले. आमच्या अख्ख्या भावकीत पदवी घेतलेली पहिली मी. हे मी मान वर करून सांगते. कुणाला राग आला तर येऊ दे.

निकाल लागला त्याच हिवाळ्यातली गोष्ट. आबांची मेंढरं वाशीच्या पुढं, कळंबच्या अंगाला एका आजीच्या सोयाबीन काढलेल्या रानात बसली होती. वेळ अमावस्या आली. त्या दिवशी तिकडं गावात माणूस उरत नाही. सगळी रानात. कडब्याची कोपी, म्हणजे छोटं खोपट, उभारायची, लक्ष्मी पुजायची, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील यांचं जेवण. ओळखीचा असो, वाटसरू असो, हाताला धरून पंगतीला बसवायचं.

त्याच दिवशी दुपारी, जवळच्याच गावात घरी एकटी राहिलेली एक म्हातारी मारली गेली. अंगावरचं सोनं गेलं. आदल्या दिवशी आबांनी तिच्या दारात पाणी मागितलं होतं, हे एका शेजारणीच्या ध्यानात होतं. झालं. परगावचा माणूस, पत्ता रानातला. आबांना उचललं.

मला कळलं ते मोबाइलवर. धाराशिवच्या खोलीतली मैत्रीण म्हणाली, "हे तुमच्याकडचं का गं?" व्हिडिओत दोन पोलिसांच्या मधी एक माणूस, तोंडावर काळं फडकं. खाली लिहिलेलं, 'मेंढपाळाच्या वेशातला खुनी, आरोपीची कबुली.' तोंड दिसत नव्हतं. पायातल्या वहाणा दिसत होत्या. तुटलेल्या अंगठ्याला लाल पट्टा मीच शिवला होता.

सरकारकडनं फुकट मिळालेले वकीलसाहेब वयस्कर होते. म्हणाले, "पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, बाळ."

"मोबाइलवर चालते की," मी म्हटलं.

"मोबाइलला मी काय करू? मला माणसं आण. त्या दुपारी तुझे वडील कुठं होते?"

कुठं होते ते अख्ख्या शिवाराला ठाऊक होतं. आजीच्या कोपीवर पंगतीत बसले होते. दुपारपासून दिवस मावळेपर्यंत तिथंच. कडब्याची पेटती पेंढी घेऊन रानाभोवती फेरी घालतात, त्या फेरीतसुद्धा होते. आणि सगळ्यांना ठाऊक असल्यामुळंच कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. पोलिसांच्या कागदात त्या जेवणाचा एक शब्द नव्हता. जामीन नामंजूर झाला.

मी आजीकडं गेले. आजी म्हणजे सत्तरी ओलांडलेली, रान एकटीनं बघणारी बाई. म्हणाली, "पोरी, तुझा बा माझ्या कोपीवर हुता. आत्ता चल, बेलभंडार उचलते."

बिरोबाच्या देवळात तिनं आणि तिच्या पंगतीतल्या माणसांनी बेल आणि भंडारा हातात घेऊन शपथ वाहिली, धनगर त्या दिवशी आमच्यात होता. आमच्याकडं याच्याहून मोठा पुरावा नाही. गावानं मानलं. आई देवळाच्या पायरीवर बसून पहिल्यांदा मोकळी रडली. माणसं हात झटकून घराकडं निघाली.

"झालं की पोरी. आता कशाला तोंड पाडून उभी?" आजी म्हणाली.

"आजी, देवाला आधीच माहीत होतं. सांगायचंय जजला."

तिचा चेहरा बदलला. "ठाण्याची पायरी म्या चढणार न्हाय. तेवढं सोडून बोल."

कारण होतं. तिच्या दिरानं मागं एकदा विहिरीत प्रेत बघितलं आणि चांगुलपणानं ठाण्यात वर्दी दिली. त्यालाच बसवून ठेवलं. वर पेपरात 'संशयित ताब्यात'. सुटून आला, पण त्याच्या पोरीची जमलेली सोयरीक मोडली. "खरं सांगाया गेला आन् संशयित होऊन आला," आजी म्हणाली. आमच्या पेटीचं कुलूप माझ्या डोळ्यापुढं होतं.

ठाण्यात जायचंच नाही, बचावाचे साक्षीदार सरळ कोर्टात बोलतात, हे मी वकीलसाहेबांकडनं समजून घेऊन पुन्हा गेले. पुन्हा पुन्हा गेले. चहा मिळायचा. "बघू" मिळायचं. "लई गुणाची पोर" म्हणायचे आणि दुसरीकडं बघायचे. इकडं आई चुलत्याला हाताशी धरून मेंढरं राखत होती, आणि जेलमध्ये भेटायला गेलं की आबा एकच विचारायचे, "मेंढरं कशी हाईत?" स्वतःबद्दल चकार शब्द नाही. मी आतल्या आत ठरवलं, या माणसाला मी बाहेर काढणार. पोलिसांच्या मेहेरबानीनं नाही, टीव्हीच्या नाही. ज्यांनी जेवू घातलं त्यांच्या तोंडून.

वर्ष फिरलं. पुन्हा वेळ अमावस्या आली. मी बोलावण्याची वाट बघितली नाही. सकाळच्या गाडीनं निघाले आणि आजीच्या कोपीवर जाऊन उभी राहिले.

सगळे तेच होते. आजीनं हाताला धरून बसवलं, उंडे वाढले, भज्जी वाढली, आंबिलीचं लोटकं पुढं केलं. मी ते खाली ठेवलं.

"घे की गं."

"मी पिणार नाही, आजी."

पंगत थांबली. त्या दिवशी कोपीवरनं कुणी उपाशी उठणं रानाला चांगलं नसतं, असं मानतात. मला ते माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी आले होते.

पलीकडं एक मिशीवाला गडी होता, मागच्या साली आबांच्या मांडीला मांडी लावून जेवलेला. तो म्हणाला, "शिकल्याली हाय बाबा. आंबील न्हाय चालत. कोल्ड्रिंक आणा एक!"

हशा झाला. दुसऱ्यानं जोडलं, "आता लक्ष्मीलाबी कायदा शिकवणार."

"हसा," मी म्हटलं. "मागच्या साली याच लोटक्यातनं माझ्या बापानं आंबील प्याली. तुमच्यातल्या कुणी वाढली, कुणी शेजारी बसून भुरकली. आज तो जेलात आहे आणि तुम्ही इथं. जिथं बाप जेवला ते रान त्याला ओळख देत नसेल तर मी तिथलं कसं खाऊ?"

आजी तडकली. "ओळख देत न्हाय कोण म्हणलं? भंडार उचललाय म्या!"

"देवळात. आजी, पोलिसांवर विश्वास ठेवा असं मी कधी म्हटलं का? माझाच नाही. पण आपण गप्प बसलो की उरतं काय? त्यांचा कागद आणि त्या मोबाइलवाल्याची बडबड. विश्वास नाही म्हणून तर चला."

मग आजीनं हातातला डाव पातेल्यात ठेवून दिला.

"ही उपाशी उठली तर माझ्या रानाला लागंल," ती म्हणाली. "गेल्या साली ह्या पंगतीला कोण कोण हुतं? हात वर करा."

एक हात. मग दोन. मग आजीच्या सुनेचा, पदराआडनं. मिशीवाला खाली बघत होता.

"आन् तुझा रं, भाच्या?"

"मामी, पर त्या मोबाइलवाल्यानं माझं तोंड दाखवलं म्हंजी?"

"दाखवू दे. लगीन झालंय तुझं. आता कुणाला पसंत पडायचंय?"

या खेपेला मीही हसले. त्याचा हात वर गेला. मी उंडे खाल्ले, भज्जी खाल्ली. आंबील मात्र प्याले नाही. "आबा आल्यावर," म्हटलं. आजीनं चार शिव्या हासडल्या आणि लोटकं उचलून ठेवलं.

साक्षीच्या दिवशी सगळी एका जीपमधनं आली. आजीनं पदराच्या गाठीला भंडारा बांधून आणला होता. कोर्टात शपथ घ्यायला सांगितलं तशी तिनं गाठ मुठीत धरली आणि मग बोलली. सरकारी वकिलांनी विचारलं, "तोच दिवस होता हे कशावरून?"

"साहेब, वेळ अमावस्या सालात कितींदा येती?"

मागं कुणीतरी खुदकलं. जजसाहेबांनी वर बघितलं.

"मग इतके दिवस पोलिसांना का नाही सांगितलं?"

"इचारलं कोण? गाडी माझ्या बांधावरनं गेली. क्यामेरावाला माझ्या रानात उभा ऱ्हाऊन बोलत हुता, 'हितंच लपला हुता' म्हणून. म्या पाणी आणून दिलं त्याला. प्याला, पर इचारलं न्हाय."

तिच्यामागं सून बोलली. बाकीचे बोलले. मिशीवाला शेवटी. घामाघूम झाला, पण कोणत्या बाजूला बसून आबा काय काय जेवले ते घासाघासानं सांगून गेला.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर आबांचा व्हिडिओ टाकणारा तोच चॅनेलवाला माइक घेऊन पुढं आला. "ताई, काय सांगाल?"

"आधी तो जुना व्हिडिओ काढ. मग सांगते."

त्यानं माझ्यासमोर काढला. दुसऱ्यांनी पुढं ढकललेले अजून फिरत असतील, ते माझ्या हातात नाही. त्या म्हातारीला कुणी मारलं हे आजही कुणाला ठाऊक नाही. तिच्या लेकानं कॅमेऱ्यापुढं आबांना फाशी मागितली होती, पण त्याच्याबद्दल आमच्या घरात कधी वाकडं बोलणं झालं नाही. त्याची आई गेली आणि त्याला खरं कुणी सांगितलंच नाही.

पुढच्या वेळ अमावस्येला मी आबांच्या शेजारी बसून आजीच्या कोपीवर आंबील प्याले. आंबट झाली होती. आजी म्हणाली, "वरसभर ठेवल्याली हाय, आंबट तर व्हणारच."

आबा निर्दोष सुटले. निकालात तसं लिहिलेलं आहे, आणि त्या पंगतीत हात वर केलेला एकही माणूस कोर्टात मागं फिरला नाही.